खुर्ची घेण्याआधी सही कुठे चालते ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी रुग्णालयात चौदा वर्षं काढलेल्या, त्यातली शेवटची पाच आयसीयू इनचार्ज असलेल्या एका सिस्टरना हिंजवडीच्या बाजूला सुरू होणाऱ्या अडीचशे खाटांच्या रुग्णालयातून 'चीफ नर्सिंग ऑफिसर' म्हणून बोलावणं आलंय. एम.एस्सी. नर्सिंग झालेलं आहे. त्या विचारतात, हे पद म्हणजे जुन्या मेट्रनचंच नवं नाव का? एमबीए करायला हवं का? आणि रुग्णाला हात लावायचं सुटेल, त्याचं काय?

सिस्टर, मी पुण्यात तेहतीस वर्षं ही नोकरी केली. सुरुवात सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून, नंतर दोन खासगी रुग्णालयं, आणि शेवटची अकरा वर्षं नर्सिंगची प्रमुख. तुमचे तीनही प्रश्न बरोबर आहेत, पण तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न त्या तिघांपेक्षा मोठा आहे. या खुर्चीवर बसल्यावर तुमची सही कुठे कुठे चालणार? नर्स नेमायला चालणार का? तिला कायम करायला? खाट बंद ठेवायला? ऑफर लेटर हातात आलं की पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी त्या रुग्णालयाचा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, मागा आणि तुमच्या चौकटीतून वर जाणारी रेघ कुणाकडे जाते ते बघा.

ती रेघ थेट सीईओकडे किंवा संचालकांकडे जात असेल तर बोलणी पुढे न्या. मेडिकल डायरेक्टरकडे जात असेल तर अजून दहा प्रश्न विचारा. एचआर किंवा ऑपरेशन्सच्या मॅनेजरकडे जात असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तुम्हाला ड्यूट्या लावायला बोलावलंय. पुण्यात मी तिन्ही प्रकार बघितलेत. शेवटच्या प्रकारात बाई हुशार असली तरी दीड-दोन वर्षांत थकून जाते, कारण वॉर्डातली प्रत्येक तक्रार तिच्याकडे येते आणि ती सोडवायचं पेन दुसऱ्याच्या खिशात असतं.

आता नावांचा घोळ. सरकारी शिडी तुम्हाला माहीतच आहे. अधिपरिचारिका, मग परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. ससूनच्या आवारात मी लागले तेव्हा मात्र कुणीही 'अधिसेविका' म्हणत नसे, सगळे 'मेट्रन मॅडम'च म्हणायचे, आणि त्या लांबून येताना दिसल्या की मावशी पदर सावरायच्या, मामा ट्रॉली सरळ करायचे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्टाफ नर्सचं 'नर्सिंग ऑफिसर' केलं, तेव्हापासून 'ऑफिसर' हा शब्द खासगीतही पसरला. खासगीत नर्सिंग सुपरिंटेंडेंट, डायरेक्टर नर्सिंग, सीएनओ (चीफ नर्सिंग ऑफिसर) ही नावं रुग्णालयागणिक बदलतात आणि एकाच नावामागची सत्ता तर अजूनच बदलते. आपल्याच गावात याला एक अपवाद आहे, वानवडीचं कमांड हॉस्पिटल. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या नर्स कमिशन्ड अधिकारी असतात, तिथे प्रिन्सिपल मेट्रन असते आणि त्या सेवेची सर्वोच्च अधिकारी मेजर जनरल हुद्द्याची असते. एएफएमसीच्या, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग कॉलेजातून गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मी नेहमी म्हणायचे, तुमचा अधिकार खांद्यावर शिवलेला असतो, आमचा रोज सकाळी नव्याने मागावा लागतो.

ब्रिटनची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण आपली मेट्रन मूळची तिकडचीच. १९६६ च्या सॅल्मन अहवालानंतर तिथे मेट्रनचं पद मोडून नर्सिंग ऑफिसरांच्या श्रेणी आल्या, नंतर १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालाने रुग्णालयात जनरल मॅनेजर आणले. वॉर्डाची स्वच्छता, जेवण, शिस्त यांना एक मालकीण उरली नाही. शेवटी २००१ मध्ये त्यांनी 'मॉडर्न मेट्रन' म्हणून ते पद परत आणलं, कारण लोकांनाच वॉर्डात जबाबदार अशी एक व्यक्ती डोळ्यांना दिसायला हवी होती. तेव्हा सीएनओ हे मेट्रनचंच नवं नाव का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की तसं असेल तर उत्तमच. जुन्या मेट्रनला निदान सफाईवाल्याला हलवता तरी येत होतं. आज हाउसकीपिंग कंत्राटावर, सिक्युरिटी कंत्राटावर, जेवण कंत्राटावर, आणि बेडपॅन वेळेवर मिळालं नाही की शिव्या नर्सला. त्या कंत्राटांच्या मासिक बिलावर 'काम समाधानकारक' अशी सही तुमची लागते का, हे विचारून घ्या. मी दुसऱ्या नोकरीत ती सही मागून घेतली होती. मॉप रोज बदलायला लागले.

पण या सगळ्याच्या वर आहे नर्सची संख्या. तिथेच पाणी मुरतं, म्हणून तिथे मी जरा थांबणार आहे.

तुम्हाला इंटरव्ह्यूत सांगतील, 'आम्ही वन इज टू सिक्स ठेवतो, मॅडम.' लगेच विचारा, प्रति शिफ्ट का? हे दोन शब्द कागदावर नसतील तर तो आकडा कसाही वाकवता येतो. तीस खाटांचा वॉर्ड घ्या. सहा रुग्णांमागे एक म्हणजे एका शिफ्टला पाच नर्स. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट मिळून पंधरा. मॅनेजमेंट पंधरा पोस्ट मंजूर करतं आणि हात झटकतं. पण माणूस वर्षाचे ३६५ दिवस काम करत नाही. ५२ साप्ताहिक सुट्ट्या, साधारण १२ सणावाराच्या, ३० दिवसांची रजा आणि आजारपण धरा, उरतात २७१ दिवस. आता पंधराला ३६५ ने गुणा आणि २७१ ने भागा. उत्तर येतं २०.२. म्हणजे वीस नर्स लागतात, पंधरा नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिल जो तीस टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर असणाऱ्यांच्या बदलीच्या जादा जागा, धरायला सांगते तो याच्याशी जुळतो, पंधरावर तीस टक्के म्हणजे साडेएकोणीस. हे गणित मी एका फायनान्सच्या साहेबांना पेन्सिलने मागच्या पानावर करून दाखवलं होतं. ते सीए होते. म्हणाले, 'हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही.' त्याआधीची सहा वर्षं मीच त्यांना 'स्टाफ कमी आहे, स्टाफ कमी आहे' अशी पत्रं लिहीत होते. म्हणजे चूक माझीही होती, मी तक्रार पाठवत होते आणि त्यांना हवं होतं गणित.

या पाच पोस्टच्या फरकातून काय होतं ते तुम्ही आयसीयूत रोज भोगलंय. डबल ड्यूटी, कॅन्सल झालेला ऑफ, 'सिस्टर, फक्त आजचा दिवस' असे रविवारचे फोन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवर लिंडा आयकेन यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबद्दलचा तो अभ्यास. नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा आकडा पाठ करून ठेवा. डॉक्टर मंडळी 'नर्सिंगचं मनोबल' हे शब्द ऐकून घड्याळ बघतात, मृत्युदर ऐकला की खुर्ची पुढे ओढतात.

पुण्याचं म्हणून रोस्टरचं एक वेगळं पंचांग असतं, ते नवीन रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतं. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला येतात तेव्हा अर्धे रस्ते बंद. अनंत चतुर्दशीला मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चाललेली असते, सकाळची नर्स लक्ष्मी रोड ओलांडून येणार कशी? आम्ही त्या दिवशी नाइटवाल्यांना हॉस्टेलवर थांबवून घ्यायचो आणि त्यांचा ऑफ आधीच लिहून ठेवायचो. पावसाळा सरता सरता डेंगी, मेडिकल वॉर्ड तुडुंब. केरळच्या मुलींना ओणम आणि नाताळ, लातूर-नांदेड-बीडकडच्या मुलींना दिवाळी. दोघींनी आपापसात अदलाबदल केली की इनचार्जचं अर्धं काम होतं, पण ती अदलाबदल जुलैत ठरलेली पाहिजे. हिंजवडीला तर वेगळीच गंमत आहे. संध्याकाळी आयटीची गर्दी सुटते तेव्हाच तुमची नाइट येणार. मी तुमच्या जागी असते तर शिफ्टच्या वेळा ठरवताना आधी तो पूल आणि तो चौक डोळ्यांसमोर आणला असता आणि मग कंपनीच्या बाकी शाखांच्या वेळा बघितल्या असत्या.

आता जे सांगते ते फारसं कुठे सांगितलेलं नाही. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही.

मी सुपरिंटेंडेंट होऊन वर्ष झालं होतं. एका रात्री मेडिकल वॉर्डात बत्तीस रुग्ण आणि तीन नर्स. तिघींपैकी एक रुजू होऊन अकरा दिवसांची. पहाटे चारच्या सुमाराला एक आजोबा बाथरूमला जायला उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. नातेवाईक संतापले, साहजिकच होतं. सकाळी दहाला मीटिंग, साडेअकराला त्या खाटेच्या नर्सला मेमो. कारण, 'साइड रेल वर केलेली नव्हती, रुग्णाकडे दुर्लक्ष.' मेमोवर सही माझी. तिने उत्तरात एकच ओळ लिहिली होती, 'मी त्या वेळी एकोणीस नंबरला रक्त लावत होते.' दीड महिन्यात ती नोकरी सोडून गेली. सहा महिन्यांनी ऑडिटसाठी ती फाइल काढली तेव्हा मला दिसलं की मेमोच्या मागे त्या रात्रीची ड्यूटी शीट टाचलेली आहे. बत्तीसला तीन. त्या शीटवरही मंजुरीची सही माझीच होती. दोन्ही सह्या एकाच फायलीत, एकाच पेनाच्या, आणि मीटिंगला बसलेल्या आम्हा सात जणांपैकी एकानेही त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

मी तिला फोन केला होता. तिने उचलला, नीट बोलली, परत यायला नाही म्हणाली.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. इन्सिडेंट फॉर्मची पहिली ओळ 'घटना कशी घडली' ही नाही. पहिली ओळ, त्या तासाला वॉर्डात रुग्ण किती, नर्स किती, त्यात नवी किती. ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. सुरुवातीला क्वालिटीवाले कुरकुरले. तीन-चार महिन्यांत कागद स्वतःच बोलायला लागले. पडझडी, चुकीची औषधं, सलाइनची सूज, बहुतेक सगळं ठराविक तीन वॉर्डांत आणि ठराविक वेळेला. त्यातला एक प्रश्न तर माणसं न वाढवताच सुटला. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र, पातळ न करता दिल्या तर जिवावर बेतणाऱ्या अँप्यूल साध्या अँप्यूलच्या शेजारी ठेवलेल्या असायच्या, आम्ही त्या वॉर्डातून उचलून फार्मसी आणि आयसीयूच्या कुलपात नेल्या. त्याआधी त्याच अँप्यूलवरून तीन जणींना 'यापुढे काळजी घ्यावी' अशी समज दिलेली होती.

म्हणून ऑफरच्या बोलण्यात हे लेखी मागा: नर्स कमी असताना खाटा तात्पुरत्या बंद ठेवायचा अधिकार. रात्री अकराला आयसीयूत व्हेंटिलेटरचा पाचवा रुग्ण आणायचा म्हणतात आणि हाताशी नर्स चारच आहेत, तेव्हा 'नाही' हा शब्द कुणाचा चालणार? ते म्हणतील, 'आपण सगळे मिळून ठरवू.' रात्री अकराला सगळे मिळून कुणी नसतं, सिस्टर. सुपरवायझर असते आणि फोनवर ओरडणारा एक कन्सल्टंट असतो. मला तो अधिकार लेखी मिळवायला दोन वर्षं लागली. अकरा वर्षांत मी तो मोजून नऊ वेळा वापरला. पहिल्यांदा वापरला तेव्हा एका मोठ्या सर्जननी मला 'हॉस्पिटलचा धंदा बुडवणारी बाई' म्हटलं. पुढे त्यांच्याच आईला ॲडमिट केलं तेव्हा त्यांनी खासगीत विचारलं, 'मॅडम, आज रात्री वॉर्डात किती जणी आहेत?'

कन्सल्टंटांचा विषय निघालाच आहे तर तोही संपवते. खासगी रुग्णालयात मोठे डॉक्टर रुग्ण आणतात, म्हणून सगळे त्यांना वचकून असतात. तुमची नर्स त्यांच्यापुढे रडत असेल तेव्हा तुम्ही काय करता, यावर वर्षभरात तुमची पत ठरते. माझी पद्धत साधी होती. त्याच दिवशी, डॉक्टरांच्या केबिनमध्ये, दार लावून, एकटीने जायचं. आवाज चढवायचा नाही. झालेलं दोन वाक्यांत सांगायचं आणि संध्याकाळी तेच दोन वाक्यांत मेलवर टाकायचं. दहातले आठ डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतःहून बोलतात. उरलेल्या दोघांसाठी मेल असते. पण प्रकरण अंगचटीला जाण्याचं किंवा घाणेरडं बोलण्याचं असेल तर केबिन वगैरे काही नाही, थेट अंतर्गत समिती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्यासाठीच आहे. नातेवाइकांनी हात उचलला तर महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलिसांत तक्रार संस्थेने द्यायची, नर्सला एकटीला चौकीत पाठवायचं नाही. हेही आधी ठरवून घ्या, कारण मारहाणीच्या रात्री मॅनेजमेंटला 'नाव खराब होईल' हे आधी आठवतं.

एमबीएबद्दल. कराच असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचे कोर्स पुण्यात भरपूर आहेत, नोकरी सांभाळून होतात, आणि तिथली भाषा कानावर पडली की मीटिंगमध्ये दबकायला होत नाही, एवढा फायदा नक्की. पण पहिल्या वर्षी त्याची घाई नको. त्याआधी एक्सेल शिका, खरंच शिका, म्हणजे रोस्टरचं वर सांगितलेलं गणित तुम्हाला स्वतः मांडता आलं पाहिजे. आणि अकाउंट्समधल्या एखाद्या भल्या माणसाला चहा पाजून रुग्णालयाचा महिन्याचा हिशोब कसा वाचायचा ते समजून घ्या. त्यात एक मजेदार गोष्ट दिसेल. नर्सचा पगार खर्चाच्या बाजूला ठळक असतो. रुग्णाच्या बिलात 'नर्सिंग चार्जेस' घेतलेले असतात, पण ती रक्कम खाटेच्या भाड्यात किंवा पॅकेजमध्ये मिसळून जाते आणि जमेच्या बाजूला नर्सिंगचं नाव कुठेच येत नाही. मी एकदा तो आकडा वेगळा काढून मागितला. तो मिळायला चार महिने लागले. मिळाल्यावर त्या वर्षीच्या पगारवाढीची मीटिंग वीस मिनिटांत संपली.

सोडून जाणाऱ्या मुलींचा हिशोबही असाच मांडायचा. समजा तुमच्याकडे दोनशे नर्स आहेत आणि वर्षात साठ जणी गेल्या. प्रत्येक नवी मुलगी एकटीने रुग्ण सांभाळायला लागेपर्यंत दोन महिने जातात असं धरा. साठ गुणिले दोन, एकशेवीस महिन्यांचा पगार. म्हणजे दहा नर्स तुम्ही वर्षभर पोसता आहात ज्या अजून पूर्ण काम करू शकत नाहीत, आणि त्यांना शिकवणाऱ्या जुन्या नर्सचा वेळ वेगळाच. हे सांगितल्यावर हॉस्टेल दुरुस्त करायला पैसे निघतात. 'मुली नाराज आहेत' म्हटल्यावर निघत नाहीत.

त्या जातात कुठे हे तुम्हाला माहीत आहे. आधी आखात आणि आयर्लंड होतं, आता जर्मनी. नाइट करून सकाळी जर्मनच्या क्लासला जाणाऱ्या मुली माझ्याच वॉर्डात होत्या, बी-टू पातळीचं पुस्तक ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं असायचं. मी त्यांना कधी अडवलं नाही. मूळ सर्टिफिकेटं कपाटात अडकवून ठेवणारी रुग्णालयं मी जवळून बघितलीत. तिथे मुलगी शरीराने थांबते, एवढंच. तुमच्या नव्या रुग्णालयात बॉन्डच्या नावाखाली मूळ कागद ठेवून घ्यायची पद्धत असेल तर पहिल्या महिन्यात ती बंद करा, आणि करू देत नसतील तर मला पुढचं काही सांगायचं नाही. पगारासाठी तुमच्या हातात एक कागद आहे. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी नर्सच्या वेतनाबद्दल समिती नेमायला सांगितलं, आणि त्या समितीची शिफारस अशी होती की दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी नर्सइतका पगार द्यावा. शिफारस आहे, सक्ती नाही. पण तुमचं रुग्णालय अडीचशेचं आहे. टेबलावर ठेवायला कागद चांगला आहे.

बाळंतपणाच्या रजेचं मात्र लोक उगाच रडगाणं गातात. २०१७ च्या दुरुस्तीपासून सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळते आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं. नर्सिंगमध्ये पंचविशी-तिशीच्या मुली जास्त असणार हे काय कुणाला नवीन आहे? दर वर्षी साधारण किती जणी रजेवर जातील याचा अंदाज मागच्या तीन वर्षांवरून काढता येतो, तेवढ्या पोस्ट आधीच धरायच्या. पाळणाघर नाइटलाही चालू ठेवता आलं तर बघा. आम्हाला ते जमलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. रुग्णाला हात लावायचं सुटेल का? सुटेल. आणि पहिल्या वर्षी तुम्ही ते सुटू देणार नाही, हेही मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं. अवघड शीर असली की मला बोलवायचे, मी धावत जायचे, पहिल्या प्रयत्नात कॅन्युला लावायचे, डॉक्टर म्हणायचे, 'वा मॅडम, हात अजून तसाच!' मला बरं वाटायचं. एक दिवस सर्जिकल वॉर्डच्या इनचार्ज, माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'मॅडम, शीर लावायला आमच्याकडे चार जणी आहेत. दोन पोस्ट चार महिने रिकाम्या आहेत, त्या भरायला तुमच्याशिवाय कोणी नाही.' मी केबिनमध्ये येऊन बराच वेळ नुसती बसून होते. त्यानंतर माझी शीर लावायची सवय सुटली.

फक्त कोविडमध्ये मी ते परत केलं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, नायडू रुग्णालयात दाखल झाले, आणि पुढच्या काही आठवड्यांत शहरातल्या प्रत्येक नर्सिंग प्रमुखाला कळलं की आपल्या लोकांना ज्या वॉर्डात पाठवतो तिथे आपण स्वतः पीपीई चढवून गेलो नाही तर दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटी शीटला अर्थ राहत नाही. त्या दिवसांत माझ्या सुपरवायझरांनी ज्या हुशारीने आठवड्याच्या तुकड्या पाडल्या, त्यावरून मला माझी उत्तराधिकारी सापडली. तुम्हीही पहिल्या दिवसापासून दोघी-तिघींवर नजर ठेवा. इन्फेक्शन कंट्रोलची नर्स आणि शिकवणारी नर्स या दोन पोस्ट कुणाला वॉर्डातून काढायचं म्हणून भरू नका, तिथे तुमच्या सगळ्यात चांगल्या दोघी बसवा.

पगाराचं काय मागायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आता घेताय त्याच्या दीडपटीपासून बोलायला सुरुवात करायला लाजू नका, तुमच्या जागी पुरुष असता तर त्याने दुप्पट मागितली असती. आणि रुजू होण्याची तारीख रुग्णालय सुरू होण्याच्या निदान चार महिने आधीची घ्या. नर्सिंग स्टेशन कुठे, सिंक किती, औषधांची खोली कुठल्या दाराशी, हे नकाशावर असतानाच बदलता येतं. भिंत उभी राहिल्यावर आर्किटेक्ट तुमचा फोन उचलणार नाही. आमच्या एका नव्या विंगमध्ये नर्सिंग स्टेशनवरून अकरापैकी चारच खाटा दिसत होत्या. ते मला उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळलं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा पहाटे तीनला राउंड घ्या. सुपरवायझरला आधी कळवू नका, फाइल हातात घेऊ नका, कुणाला काही शिकवू नका. प्रत्येक वॉर्डात दोनच गोष्टी विचारा, आज तुम्ही किती जणी आहात आणि जेवलात का. आणि जाताना घरून चहा पिऊन जा, नाहीतर मेट्रन मॅडम आल्या म्हणून तीनपैकी एक जण पॅन्ट्रीत चहा करायला पळेल आणि तेवढा वेळ वॉर्डात दोघीच उरतील.